कामासाठी मायदेशी जाताना

प्रश्न : मी नवरा आणि मुलीसह बरीच वर्षे परदेशात राहते. येत्या पंधरवड्यात कार्यालयाने मला अचानक मायदेशी पाठवायचे ठरवले आहे. एका नव्या ग्राहकाबरोबर आठवडाभर बैठका आहेत. त्या ज्या शहरात होणार आहेत, तिथून आईवडिलांचे घर रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया अलीकडेच झाली. तेव्हा मला जाता आले नाही, याची खंत मनात आहे. कधी वाटते, न सांगता एकदम दारात जाऊन उभे राहावे. तर कधी वाटते, एवढ्याशा भेटीने त्यांच्या जिवाला चटकाच लागेल, त्यापेक्षा कळवूच नये. कामाला जोडून रजा मागितली, तर वरिष्ठांचा गैरसमज होईल का? शिवाय कायमचे परतण्याचा विषय आमच्या घरी अधूनमधून निघतो. त्याचा अदमास या फेरीत घेता येईल का?

उत्तर : न कळवण्याचा विचार कृपया सोडून द्या. अशी गोष्ट पुढे कधीतरी, एखाद्या छायाचित्रातून किंवा परिचितांच्या बोलण्यातून बाहेर येतेच, आणि मुलगी आपल्याच देशात येऊन न भेटता परत गेली हे आईवडिलांना त्या वेळी कळले, तर त्यांना किती लागेल याची कल्पना तुम्हालाही आहे. न सांगता दारात उभे राहण्याचा बेतही मला पसंत नाही. शस्त्रक्रियेतून सावरणाऱ्या बाईच्या दिवसाला व्यायामाच्या, औषधांच्या, विश्रांतीच्या ठरलेल्या वेळा असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भेट जेव्हा इतकी छोटी असते, तेव्हा तिची वाट पाहण्यातले सुख हाच भेटीचा मोठा भाग असतो, आणि तो तुम्ही त्यांच्याकडून काढून घेऊ नये. आजच फोन करा आणि कामासाठी येत आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा. कोणत्या दिवशी पोहोचणार, कोणत्या दिवशी निघणार आणि मधल्या कोणत्या वेळी लॅपटॉप उघडून बसावे लागणार, हेही त्याच फोनमध्ये सांगून टाका. नक्की नसलेला एकही दिवस आशेवर ठेवू नका. वाढलेला दिवस आनंद देतो, पण सांगून कमी झालेला दिवस फार दुखावतो.

रजेबद्दल संकोच नको. कामाच्या प्रवासाला वैयक्तिक दिवस जोडण्याची सोय अनेक कंपन्यांच्या नियमांत असते. साधारणपणे काम संपल्यानंतरचा राहण्याचा खर्च तुमचा आणि परतीचे तिकीट त्यामुळे महाग झाले तर वरचा फरकही तुमचा, अशी विभागणी असते. विनंती लेखी करा, आणि कंपनीचा प्रवास विमा त्या जोडलेल्या दिवसांनाही लागू आहे का, हे त्याच पत्रात विचारा. परदेशी स्थायिक झालेल्यांना मायदेशातल्या सरकारी आरोग्यसेवेचा लाभ पूर्वीसारखा मिळेलच असे नसते, आणि परदेशात घेतलेल्या काही आरोग्य विम्यांत मायदेशातल्या उपचारांवर मर्यादा असते. आपलाच देश म्हणून हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

हे दिवस बैठकांच्या आधी न घेता नंतर घ्यावेत. अनेक कालविभाग ओलांडून गेलेल्या माणसाच्या शरीराचे घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक तास या गतीने नव्या वेळेशी जुळते, आणि पूर्वेकडे प्रवास केला असेल तर बहुतेकांना ते अधिक जड जाते. आधीच घरी गेलात, तर भर दुपारी डोळे मिटत असताना आईशी बोलाल आणि रात्री जागे राहून बैठकीची चिंता कराल. बैठका संपल्यावर गेलात, तर शरीरही बरेच रुळलेले असेल आणि मनही मोकळे असेल. यात धोका एकच, की शेवटची बैठक लांबते आणि घरचे दिवस खाते. म्हणून रेल्वेचे आरक्षण आताच करा आणि तुम्ही कोणत्या संध्याकाळी निघणार आहात, हे ग्राहकाला पहिल्याच दिवशी सांगा.

आता त्या घरच्या दिवसांविषयी. शस्त्रक्रियेच्या वेळी जाता आले नाही म्हणून हे दिवस भेटवस्तूंनी किंवा गोतावळ्याने भरून काढण्याचा मोह होईल. नातेवाइकांना या वेळी बोलावू नका, असे आईवडिलांना आधीच मोकळेपणाने सांगा. नाहीतर ते हौसेने सर्वांना निमंत्रणे देतील आणि तुम्ही दिवाणखान्यात पाहुण्यांशी बोलत असताना आई स्वयंपाकघरात उभी असेल. त्याऐवजी जे दुरून करता येत नाही ते करा. शक्य असेल तर तिच्या डॉक्टरांची किंवा फिजिओथेरपिस्टची वेळ त्याच दिवसांत घ्या, बरोबर जा आणि अहवाल स्वतः वाचा. गुडघा किती वाकतो, जिना कसा चढते, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, रात्री उठावे लागले तर दिव्याचे बटण हाताशी येते का, हे स्वतः पाहा. फोनवर सगळे ठीकच असते. आणि वडिलांना एकटे गाठून, तुम्ही थकलात का, असे विचारा. रुग्णाची काळजी घेणाऱ्याला हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. नवरा तिकडे मुलीला एकट्याने सांभाळणार आहे आणि त्यांच्या वाट्याला ही भेट नाही, याचीही जाणीव ठेवून निघण्यापूर्वी त्यांच्याशी बोलावे.

कायमचे परतण्याचा निर्णय मात्र या फेरीच्या आधारावर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी 1955 मध्ये, अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांविषयी लिहिताना असे मांडले, की नव्या देशात सुरुवातीला उत्साह, मग एकटेपणाची घसरण आणि नंतर हळूहळू रुळणे, असा क्रम दिसतो. गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने 1963 मध्ये दाखवले, की मायदेशी परतणाऱ्यालाही असाच दुसरा चढउतार अनुभवावा लागतो. पुढच्या संशोधकांनी या आलेखांवर आक्षेप घेतले असले, तरी कंपनीच्या खर्चाने हॉटेलात राहून आणि दोन दिवस आईच्या मायेत घालवून परतणाऱ्या माणसाला फक्त पहिला उत्साह भेटतो, एवढे निश्चित. मुलीची शाळा, नोकरीच्या वाटा आणि रोजचा प्रवास यांची परीक्षा करायची असेल, तर दोघांनी मिळून, मुलीला घेऊन, सुट्टीच्या काळाबाहेर काही आठवडे तिथे राहून पाहावे.

प्रश्न : मलाही कार्यालय तातडीने मायदेशी पाठवत आहे, पण माझ्या निवास परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज अजून प्रलंबित आहे. वरिष्ठ म्हणतात, स्वतःच्याच देशात जाताना कागदपत्रांची कसली अडचण?

उत्तर : स्वदेशी परतण्याचा हक्क 1948 च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या तेराव्या कलमात नोंदलेला आहे. तुम्ही राहता त्या देशात पुन्हा प्रवेश मिळण्याचा हक्क मात्र तुमच्या परवान्यावर अवलंबून असतो, आणि अडचण तिथेच आहे. काही देशांत अर्ज प्रलंबित असताना देश सोडला, तर अर्ज मागे घेतला असे समजले जाते. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर तो आधीच वापरला गेलेला असतो. परतीच्या विमानात बसण्यापूर्वी विमान कंपनी ही कागदपत्रे तपासते, कारण अपुऱ्या कागदपत्रांच्या प्रवाशाला नेल्याबद्दल अनेक देशांत तिलाच दंड होतो. त्यामुळे तुम्ही विमानतळावरच अडकून पडू शकता.

कंपनीच्या स्थलांतरविषयक वकिलाचे लेखी मत मिळेपर्यंत तिकीट काढू देऊ नका. अशा फेऱ्या वारंवार होणार असतील, तर कराच्या हिशेबासाठी मायदेशात घालवलेल्या दिवसांची नोंदही ठेवा. दोन देशांमधल्या अनेक करकरारांत बारा महिन्यांतले 183 दिवस ही एक महत्त्वाची मर्यादा असते आणि त्या मोजणीत येण्याजाण्याचे दिवसही सहसा धरले जातात. वकिलाचे मत प्रतिकूल आले, तर ते पत्रच वरिष्ठांपुढे ठेवा आणि बैठक दूरदृश्य पद्धतीने घ्यावी किंवा दुसऱ्या सहकाऱ्याला पाठवावे, असे सुचवा.