तैलरंग मिसळताना दर वेळी चिखलच का होतो?

तुम्ही लिहिलंय की २४ ट्यूबांचा संच घेऊन सहा महिने झाले, तरी मनातला रंग पॅलेटवर उतरत नाही आणि शेवटी सगळं मातकट होतं. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. मी रंगांना दोष देत नव्या ट्यूबा आणत राहिलो, आणि चिखल तेवढा महागडा होत गेला.

आधी १९ ट्यूबा खोक्यात परत टाका. टिटॅनियम व्हाइट, लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एवढंच बाहेर ठेवा. मग ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. तिथे रंगद्रव्याचा संकेत असतो. अल्ट्रामरीनचा पीबी २९. काही ट्यूबांवर असे दोन-तीन संकेत दिसतात, म्हणजे कंपनीनेच आधी मिश्रण केलेलं असतं. तशा दोन ट्यूबा एकत्र केल्या की पाच-सहा रंगद्रव्यं एकमेकांना मारायला लागतात. चिखलाचं मोठं कारण हे.

दुसरं म्हणजे प्रत्येक रंगाचा कल. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो, म्हणून त्यात पिवळा घातला की हिरवा थोडा मळकट येतो. झगझगीत हिरवा हवा असेल तर हिरव्याकडे झुकणारा निळा, थॅलो ब्लू, लागेल. पण खरं सांगू? झाडांना तो मळकट हिरवाच जास्त शोभतो.

आता एक संध्याकाळ फक्त अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घेऊन बसा. चित्र काढू नका. दोन्ही साधारण सारखे घेतले की जवळजवळ काळा होतो. निळा वाढवला की थंड, सिएना वाढवली की ऊबदार. त्यात थोडा थोडा पांढरा घालत गेलात की इतके राखाडी सापडतील की काळ्या ट्यूबची आठवण येणार नाही. काळा वाईट असतो असं मात्र नाही. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॅलेटमध्ये पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि काळा एवढे चारच रंग आहेत, आणि तिथे काळाच निळ्याचं काम करतो.

पांढऱ्याने रंग उजळतो, पण सोबत थंड आणि खडूसारखाही होतो. अशा वेळी कणभर पिवळा घालून बघा. आणि रंग चुकला असं वाटलं की आधी डोळे किलकिले करून पाहा. बऱ्याचदा छटा बरोबर असते, गडद-उजळपणाच हुकलेला असतो.

बरेचदा पॅलेटवर रंग छान असतो आणि चिखल कॅनव्हासवर होतो. ओल्या रंगावरून ब्रश पुन्हा पुन्हा फिरवला की खालचा थर वर येतो. फटकारा मारा आणि सोडून द्या. पटला नाही तर पॅलेट नाइफने खरवडून काढा, घोटत बसू नका. मिसळायलाही नाइफच वापरा. ब्रशच्या मुळाशी आधीचा रंग दडून बसलेला असतो.

थरांचा नियम थोडक्यात: खाली कमी तेलाचा पातळ रंग, वर जास्त तेलकट. उलटं केलंत तर वरच्या थराला पुढे भेगा पडू शकतात.

आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्यात उष्णता तयार होते आणि ढीग आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.