पेरीच्या २८ मिमी सैनिकांमधून टाउटनची भुतावळ कशी उभी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेरी मिनिएचर्सचा ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ (पंधराव्या शतकातलं इंग्लंडचं यादवी युद्ध) पायदळाचा ४० जणांचा प्लास्टिक बॉक्स आणि सांगाड्यांचा एक बॉक्स हाताशी आहे. त्यातून ‘ड्रॅगन रॅम्पंट’ या टेबलावरच्या युद्धखेळासाठी मेलेल्यांची फौज करायची आहे. पण जोडून पाहिलेले पहिले नमुने ‘इंग्लिश शिपाई आणि वर कवटी’ एवढेच दिसतात. राहता मुंबईत आणि पावसाळा तोंडावर आलाय.

नमुने फसतात ते कवट्या जास्त झाल्यामुळे. सगळ्यांनाच कवट्या दिल्या की खालचा पंधराव्या शतकातला पोशाख कुणी बघतच नाही, बाजारात मिळणारे साधे सांगाडेच दिसतात. १२ जणांच्या तुकडीत कवटीचे चारच ठेवा. पाच जणांचं डोकं माणसाचंच असू द्या, फक्त कातडी मेलेली. उरलेले तीन जवळजवळ धडधाकट हवेत: एखाद्याची मान वाकडी, एखाद्याच्या छातीत बाण. बघणाऱ्याला आधी इंग्लिश पलटण दिसावी आणि मग काहीतरी बिनसलंय हे लक्षात यावं. ४० मधून अशा तीन तुकड्या होतात. उरलेले चार सुट्या भागांसाठी बाजूला ठेवा.

दुसरं म्हणजे, ‘मध्ययुगीन भुतं’ असं मोघम न ठेवता एक लढाई पक्की करा. माझ्या मते टाउटनसारखी दुसरी नाही. २९ मार्च १४६१, पाम संडे, यॉर्कशरमध्ये बर्फाचं वादळ. यॉर्क आणि लँकेस्टर या दोन घराण्यांच्या फौजा समोरासमोर, आणि वारा लँकेस्टरवाल्यांच्या तोंडावर होता. फॉकनबर्गच्या यॉर्किस्ट तिरंदाजांचे बाण वाऱ्याबरोबर लांब गेले आणि लँकेस्टरचे बाण अलीकडेच पडले. १९९६ मध्ये टाउटन हॉलजवळ बांधकाम चालू असताना सामूहिक कबर सापडली. तिच्यातल्या सांगाड्यांवरचे बहुतेक घाव डोक्यावर आहेत, म्हणजे मरताना अनेकांच्या डोक्यावर शिरस्त्राण नसावं. तुमचं निम्मं कन्व्हर्जन, म्हणजे सैनिकांची कापजोड, इथेच ठरतं. बाण फक्त लँकेस्टरच्या मेलेल्यांना, तेही समोरून. यॉर्ककडच्यांना कवटीवर घाव. उघडी डोकी जास्त, सॅलेट (त्या काळचं शिरस्त्राण) कमी. दोन्ही बाजूंचे मुडदे एकाच तुकडीत मिसळलेले चांगले दिसतात.

आता कापाकापी. स्प्रू (सुटे भाग ज्यावर ओतलेले असतात ती प्लास्टिकची चौकट) कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाने धुऊन वाळवा. साच्याची रेघ सुरीच्या पात्याच्या पाठीने खरवडा. धारेने खरवडलं तर प्लास्टिकमध्ये खड्डे पडतात आणि ते वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) दिल्यावरच दिसतात. चिकटवायला पातळ प्लास्टिक सिमेंट घ्या. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. नायलॉन, धातू आणि रेझिनवर ते चालत नाही, तिथे फेविक्विक.

कवटी थेट कॉलरवर बसवली की लॉलीपॉपसारखी दिसते, कारण सैनिकाची मान जाड असते आणि कवटीखाली मानेचं मांस नसतं. म्हणून आधी मानेची खाच ग्रीन स्टफने (दोन रंगांच्या पट्ट्या मळून करायची, नंतर कडक होणारी पुट्टी) बुजवा. ते घट्ट झाल्यावर १ मिमी ड्रिलने मधोमध २ मिमी खोल भोक पाडा, त्यात कागदाच्या क्लिपची तार बसवा आणि कवटी तारेवर खोचा. तारेभोवती ग्रीन स्टफचे तीन छोटे मणके पुरतात. कवटी सरळ समोर बघणारी नको. हनुवटी थोडी खाली आणि एका खांद्याकडे झुकलेली ठेवा. एखाद्याला सॅलेटखाली कवटी हवी असेल तर शिरस्त्राणाचं डोकं न टाकता फक्त चेहरा उभा कापा, कवटीचा डोळ्यांच्या खोबणींमागून कापलेला पुढचा भाग तिथे चिकटवा. पूर्ण कवटीवर शिरस्त्राण बसवायला गेलात तर डोकं भोपळ्याएवढं होतं.

ग्रीन स्टफच्या पिवळ्या-निळ्या पट्ट्या समान घ्या. दोन्ही शेजारी चिकटून येत असतील तर मधली सांध्याची चिंचोळी पट्टी कापून फेकून द्या. ती आधीच आवळलेली असते आणि मळताना बारीक खडे राहतात. मळल्यावर तासभर काम होतं, पूर्ण कडक व्हायला एक दिवस द्या. हत्यार सतत ओलं ठेवा. एम-सील स्वस्त आहे आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, पण ते बेसवरच्या मातीला आणि मोठ्या फटी भरायला वापरा. मणके, बोटं, कापडाच्या चुण्या त्यात नीट उठत नाहीत.

हाडांचे हात सगळ्यांना देऊ नका. बिल (लांब दांड्याचं शस्त्र) धरलेले हात बहुधा शस्त्रासह एका तुकड्यात ओतलेले असतात, मनगट कापून नवा पंजा लावला तर दांडा सरळ रेषेत राहत नाही. तिथे हातमोजे तसेच ठेवा. हाडांचा पंजा मोडकी तलवार किंवा रिकामा पुढे केलेला हात असेल तिथे द्या, आणि कापायचं ते बाहीच्या कडेपाशी, म्हणजे सांधा झाकला जातो.

कपडे फाडणं हे खरं जिकिरीचं काम, आणि बहुतेकांचं काम इथेच कच्चं राहतं. जॅकची (शिपायांच्या शिवलेल्या जाड अंगरख्याची) खालची कड प्लास्टिकमध्ये जवळपास १ मिमी जाड असते. तशीच खाचा पाडलीत तर कापड न वाटता दात पडलेली फळी वाटते. आधी आतल्या बाजूने सुरीने तासून कड पातळ करा, प्रकाशासमोर धरल्यावर किंचित आरपार दिसेल इतकी. मग लहान-मोठे, वाकडे व्ही काढा, कधीही समान अंतरावर नाही. मधली भोकं करायला १ मिमीची दोन-तीन छिद्रं शेजारी पाडून जोडा. शेवटी पातळ सिमेंटचा ब्रश कडांवरून एकदाच फिरवा, सुरीच्या खुणा मऊ होतात. दोनदा फिरवलात तर पातळ कड वितळून गोळा होते.

बाणांसाठी नायलॉन ब्रशचा ०.५ मिमीचा केस घ्या. या मापात पूर्ण बाण साधारण १२-१३ मिमी होतो, त्यामुळे अंगाबाहेर ८-९ मिमी पुरे. ०.५ मिमी छिद्र, फेविक्विकचा थेंब, आणि पिसांसाठी सिगारेटच्या कागदाचे कपटे. एका देहात दोनपेक्षा जास्त बाण नकोत. दमट हवेत फेविक्विकची पांढरी धुरी आजूबाजूला बसते, म्हणून हे काम प्रायमरच्या आधीच उरकून घ्या.

प्रायमरबद्दल मुंबईकरांना स्पष्ट सांगतो: जून ते सप्टेंबर स्प्रे कॅन बाजूला ठेवा. हवेतला ओलावा रंगात अडकतो आणि पृष्ठभाग दाणेदार, पांढुरका होतो. ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर दोन पातळ हातांत लावा आणि रात्रभर वाळू द्या. कोरड्या दिवसांत स्प्रे वापराल तर २०-३० सेंमीवरून, झटक्या-झटक्याने. भर उन्हात, लांबून मारला तर रंग हवेतच वाळतो आणि अंगावर नुसती भुकटी बसते.

रंगांची नावं व्हॅलेहो मॉडेल कलरची देतो. हाडांना इंग्लिश युनिफॉर्मचा पाया, त्यावर तपकिरी वॉश, मग बफ, आणि भुवया, गालाचं हाड, दात यांवर थोडंसं आयव्हरी. शुद्ध पांढरा वापरू नका, तो बेसवरच्या बर्फासाठी राखून ठेवा. मेलेल्या कातडीसाठी नेहमीच्या त्वचेच्या रंगात पेल ग्रे ब्लू एक तृतीयांश मिसळा, डोळ्यांभोवती आणि ओठांवर पातळ जांभळा.

साध्या शिपायांचे शिवलेले जॅक लिननचे, मळखाऊ पांढरे. बफवर तपकिरी वॉश दिला की टाक्यांच्या रेघा आपोआप उठतात. काहींच्या छातीवर पर्सींची रुपेरी चंद्रकोर काढा. लँकेस्टरकडचा नॉर्थम्बरलंडचा अर्ल हेन्री पर्सी टाउटनलाच पडला. प्रत्येक तुकडीत दोघं-तिघं यॉर्ककडच्या अर्ल ऑफ वॉरिकचे, लाल जॅकेट आणि त्यावर पांढरी खुंट्यांची काठी. ही काठी हाताने काढायला सोपी: एक तिरकी जाड रेघ, दोन्ही बाजूंना आळीपाळीने आखूड खुंट्या. आधी बफने काढा, मग मधोमध आयव्हरी. लाल रंग ताजा नको. ब्लॅक रेड दोन भाग आणि बर्न्ट अंबर एक भाग हा पाया, वर कॅव्हलरी ब्राउन, उठावाला त्यातच बफ. उठावाला नारिंगी घातलात तर माणूस जिवंत होतो.

चिलखताला गनमेटल ग्रे आणि काळा-तपकिरी वॉश. गंज स्पंजने द्या: पॅकिंगच्या फोमचा कपटा बर्न्ट अंबरमध्ये बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि कडांवर ठोका. रिव्हेट आणि सांध्यांपाशी पातळ ऑरेंज ब्राउन. गंज पाणी साचतं तिथेच धरतो, सपाट छातीवर सारखा पसरवलात तर तो चिखल दिसतो.

मॅट व्हार्निशलाही ओलाव्याचा तोच धोका आहे. पावसाळ्यात ब्रशचं व्हार्निश वापरा. स्प्रेने पांढरी झाक आलीच तर वर ब्रशने ग्लॉसचा पातळ हात द्या, झाक बऱ्याचदा निघते. तो वाळल्यावर पुन्हा मॅट.

बर्फ सगळ्यात शेवटी, व्हार्निशनंतर. खाण्याचा सोडा आणि फेविकॉल हा स्वस्त उपाय टाळा, काही काळाने तो पिवळा पडतो. मॉडेलिंगची बर्फाची पावडर, फेविकॉल आणि थोडा पांढरा ॲक्रिलिक यांचा दह्याइतका घट्ट लगदा करा. सगळ्या बेसवर समान थापू नका. वाऱ्याची एक दिशा ठरवून तुकडीतल्या सगळ्यांना बुटांच्या आणि खांद्यांच्या त्याच बाजूला लावा, दुसऱ्या बाजूला बर्न्ट अंबरची ओली माती उघडी राहू द्या. लँकेस्टरच्या मुडद्यांना ही वाऱ्याची बाजू म्हणजे समोरची, जिकडून बाण आले तीच. म्हणून बेसवर पाय चिकटवण्याआधीच कोण कुठे तोंड करून उभा राहणार हे पेन्सिलीने मांडून घ्या.