आठ महिन्यांचा कुत्रा आपण जेवायला बसलो की भुंकत सुटतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की लातूर जिल्ह्यातल्या जानवळहून आणलेला तुमचा कारवानी जातीचा कुत्रा आठ महिन्यांचा झालाय. घरची मंडळी ताटावर बसली किंवा कुणी फोन कानाला लावला की समोर उभा राहून भुंकतो, आणि रागावलं की जास्तच चेकाळतो. ते रागावणंच त्याला हवंय. "ए, गप बस!" म्हणताना तुम्ही त्याच्याकडे बघता, त्याच्याशी बोलता. त्याचं काम झालं. माझ्याकडे कायम कुत्री असतात आणि या वयात बहुतेक सगळे हे करून बघतात.

भुंकणं सुरू झालं की बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. अंगावरच आला तर उठून दुसऱ्या खोलीत जा. पण नुसत्या दुर्लक्षानं भागत नाही. भुंकता भुंकता तो दम घ्यायला थांबतो, कान मागं पडतात, मान तिरकी करून तुमच्याकडे बघतो. तेवढ्यात हळूच "शाब्बास" म्हणा आणि उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा द्या. आधी दोन सेकंद गप राहिला तरी द्या, मग हळूहळू वेळ वाढवा. दिवसा आपणहून निवांत पडलेला असतो तेव्हाही जाऊन द्या. हेच बहुतेक घरांत राहून जातं, कारण गप पडलेल्या कुत्र्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

दुर्लक्ष सुरू केल्यावर भुंकणं आधी वाढतं, घाबरू नका. रोजची युक्ती चालेना म्हणून तो जोर लावतो. नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी वैतागून भाकरीचा तुकडा टाकतं, आणि तो शिकतो की थोडं भुंकून मिळालं नाही तर आणखी भुंकायचं. घरात आजी असतील तर त्यांच्याशी आधीच बोलून घ्या. मुक्या जिवासमोर एकट्यानं जेवणं त्यांना जमायचं नाही, म्हणून त्यांचा घास बंद करू नका. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, तो गप असताना, त्याच्या भांड्यात त्यांनाच वाढू द्या. कांदा-लसणाचं कालवण मात्र नको, कुत्र्याला ते विषारी असतं.

ताटं मांडायच्या आधी कोपऱ्यात जुनी वाकळ टाका आणि तिथं त्याला काहीतरी चघळायला द्या. रोज तीच जागा ठेवा.

त्याची ताकद जिरते का, तेही बघा. कारवानी सशामागं पळणारा शिकारी कुत्रा, त्याचं गल्लीतल्या एका फेरीनं काय होणार? मे महिन्यात आपल्याकडं पारा 40 च्या वर जातो, तेव्हा उजाडायच्या आत आणि रात्रीच बाहेर काढा. डांबरावर तुम्हाला आपल्या हाताचा उलटा पंजा पाच सेकंद ठेववत नसेल तर त्याचेही पाय भाजतात. दुपारी घरातच पुठ्ठ्याच्या खोक्यात चिंध्यांखाली खाऊ लपवा, हुंगून शोधण्यातही तो दमतो.

काठी किंवा शॉकचा पट्टा वापरू नका. भीतीनं भुंकणं दबेल, पण उद्या तो चावायला शिकेल. आणि भुंकणं एकाएकी वाढलं, खाणं कमी झालं किंवा तो सारखा कान खाजवत असेल, तर शिकवणं बाजूला ठेवून आधी डॉक्टरला दाखवा. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ पडेल तिथं न्या.