रात्रीच्या प्रवासात बाइकचा हेडलाइट अचानक बंद पडला तर काय करावे?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात पुण्याहून आंबोलीमार्गे मालवणला बाइकवर एकटेच निघणार आहात, मेकॅनिकचं काम येत नाही, आणि अंधारात हेडलाइट गेला तर काय करायचं याची धास्ती वाटते. याच रस्त्यावर माझा हेडलाइट गेला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी महत्त्वाचं: पंधरा-वीस मिनिटांत उजेड परत आला नाही तर त्या रात्रीचा प्रवास तिथेच थांबवायचा. हे निघण्याआधीच मनाशी पक्कं करून ठेवा. रस्त्यावर उभं राहून ठरवायला गेलात, तर ‘आता थोडंच राहिलंय’ असं वाटून पाय पुढेच पडतात.

माझं असं झालं. नोव्हेंबरचा मधला आठवडा होता. कोल्हापुरात जेवणात वेळ गेला आणि आजरा सोडेपर्यंत अंधार पडला. त्या दिवसांत तिकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पुढे आंबोलीपर्यंत तीसेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना झाडी. एका वळणाच्या तोंडावर लाइट गेला. फडफड नाही, मंद होणं नाही, एकदम ठार काळोख.

अशा वेळी हात आपोआप पुढच्या ब्रेकवर आवळला जातो. तो आवरा. थ्रॉटल सोडा, डावा इंडिकेटर लावा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत गाडी सरळ रेषेत मंद करा. तेवढ्यात डाव्या अंगठ्याने डिपरचं (जवळच्या झोताचं) बटण अप्परवर (लांबच्या झोतावर) करून पाहा. हॅलोजन बल्बमध्ये डिपर आणि अप्परच्या फिलॅमेंट वेगवेगळ्या असतात, त्यामुळे बऱ्याचदा एकच गेलेली असते. अप्पर लागला, तर थांबून डूमचे, म्हणजे हेडलाइटच्या डब्याचे, बाजूचे बोल्ट सैल करा आणि डूम जरा खाली झुकवा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाणार नाही. त्यावर मुक्कामापर्यंत सावकाश जाता येतं. पासिंगचं बटणही दाबून पाहा. माझ्या गाडीत यातलं काहीच लागलं नाही.

गाडी डांबराच्या पूर्ण खाली घ्या, नुसती कडेला नाही. त्या भागात हंगामात उसाच्या ट्रॉल्या चालतात, कित्येकींना मागे दिवा नसतो, आणि त्यांना ओलांडणारी वाहनं अगदी कडेपर्यंत येतात. पार्किंगचा छोटा दिवा आणि इंडिकेटर चालू ठेवा, स्वतः गाडीपासून दूर, रस्त्यापासून लांबच्या बाजूला उभे राहा.

आता तपासणी. आधी हॉर्न वाजवा, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट बघा. सगळंच मेलं असेल तर बॅटरीचं टर्मिनल सैल झालंय किंवा मुख्य फ्यूज उडालाय. बाकी सगळं चालतंय आणि फक्त हेडलाइट नाही, तर हेडलाइटचा फ्यूज, बल्ब, बल्बचा होल्डर किंवा हँडलवरचा स्विच, या चारांतलं काहीतरी. फ्यूज बॉक्स बहुतेक गाड्यांत सीटखाली किंवा बाजूच्या कव्हरमागे असतो आणि त्यातच एखादा जादा फ्यूज खोचलेला असतो. उडालेल्या फ्यूजची आतली तार तुटलेली दिसते. तितक्याच अँपियरचा नवा घाला. तोही लगेच उडाला तर कुठेतरी वायर घासून शॉर्ट झाली आहे, मग पुढे खटपट करू नका. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून ते करू नका. फ्यूज असतोच तो वायरिंग जळू नये म्हणून, आणि वायरिंगला लागूनच पेट्रोलची टाकी आहे.

फ्यूज ठीक असेल तर डूम उघडा. माझ्याकडे हेल्मेटवर लावायची छोटी टॉर्च होती, तिच्यामुळे दोन्ही हात मोकळे राहिले. डूम पुढे ओढला आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. बल्ब धडधाकट होता. त्याचा तीन पिनांचा होल्डर काळा पडून वितळला होता.

कारण मीच ओढवून घेतलं होतं. निघण्याच्या आठवडाभर आधी जास्त उजेडासाठी कंपनीचा ६०/५५ वॅटचा (अप्पर ६०, डिपर ५५) बल्ब काढून १००/९० चा लावून घेतला होता. १२ व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपियर लागतात, १०० वॅटला ८ च्या वर. गाडीची वायर, होल्डर आणि स्विच पाचाच्या हिशेबाने बनवलेले. शहरात अर्धा तास फिरताना काही कळत नाही. दोन तास सलग जळला की होल्डर तापतो, पिनेची पकड ढिली होते, ढिल्या पिनेवर आणखी उष्णता तयार होते आणि प्लास्टिक वितळतं. लांबच्या प्रवासाआधी असला बल्ब लावायचा विचार असेल तर सोडून द्या. लावायचाच असेल तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर, तिला फ्यूज आणि मधे रिले (थोड्या करंटवर चालणारा वेगळा स्विच) हवा, म्हणजे स्विचवर जास्त करंटचा भार येत नाही. त्यातही इतका जोरदार बल्ब समोरून येणाऱ्याला आंधळं करतो, म्हणून माझ्या मते ६०/५५ पुरेसा आहे.

मी वायर छिलून थेट पिनांना जोडायच्या बेतात होतो. तेवढ्यात शेतावरून घरी निघालेले एक काका हातात टॉर्च घेऊन आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाव्हणं, हितनं फुडं जंगल हाय. गवं येत्यात रस्त्यावर. आज हितंच ऱ्हावा.” गवा काळसर, आठ-नऊशे किलोचं जनावर; चांगल्या उजेडातही तो वळणावर उशिराच दिसतो. मी गाडी ढकलत त्यांच्या घरी गेलो. रात्री घनसाळ तांदळाचा वाफाळता भात आणि आमटी मिळाली. त्या तांदळाचा वास अजून आठवतो. सकाळी आजऱ्यातल्या वायरमनने जळका तुकडा कापून चिनीमातीचा होल्डर बसवला, ६०/५५ चा बल्ब लावला, आणि आंबोलीचा घाट मी लख्ख उन्हात उतरलो.

मोबाइलच्या टॉर्चवर हळूहळू जाता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. ताशी ३० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ८ मीटरच्या पुढे जाते. मोबाइलचा उजेड जेमतेम तेवढाच पोचतो, म्हणजे खड्डा दिसेपर्यंत तुम्ही त्यात असता. घाटात तर विषयच नको. मोटार वाहन नियमांप्रमाणेही सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत दिवे लागलेले असणं बंधनकारक आहे. एखाद्या कारवाल्याला सांगून, त्याच्या मागे सुरक्षित अंतर ठेवून, जवळच्या गावापर्यंत सावकाश जाणं एकवेळ चालेल. न सांगता ट्रकच्या मागे चिकटून जाणं नाही. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ हा मदतीचा नंबर आहे, आणि कुठेही जिवावर बेतलं तर ११२.

सोबत काय ठेवायचं: तुमच्या गाडीचाच एक बल्ब, चष्म्याच्या जुन्या डबीत मऊ कापडात गुंडाळून. बसवताना काचेला बोटं लावू नका. हाताचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलीच तर स्पिरिटने पुसा. शिवाय दोन-तीन फ्यूज, एक जादा होल्डर, दोन मीटर वायर, चिकटपट्टी, स्क्रू ड्रायव्हर, हेल्मेटवरची टॉर्च आणि रिफ्लेक्टरचं जाकीट. हे सगळं एका छोट्या पिशवीत मावतं.

१ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू झालं की आपोआप लागतो. त्यामुळे बल्ब दिवसाही जळत राहतो आणि लवकर थकतो. उन्हात तो गेलेला लक्षातही येत नाही. म्हणून संध्याकाळच्या चहाला थांबलात की हॉटेलच्या भिंतीसमोर गाडी चालू करून डिपर, अप्पर, मागचा लाल दिवा बघून घ्या. एक मिनिट लागतं.

बल्ब महिन्या-दोन महिन्यांत सारखेच उडत असतील तर दोष बल्बचा नसतो. इंजिनला रेस देऊन बॅटरीवर मल्टिमीटर लावायला सांगा. १४ ते १४.५ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. १५ च्या वर चढत असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, निघण्याआधी बदला. आणि गाडी एलईडी हेडलाइटची असेल तर बल्बचा प्रश्न मिटतो, पण रस्त्यावर आतलं काही दुरुस्तही करता येत नाही; फ्यूज आणि मागचा कपलर (वायर जोडणारा प्लग) तपासायचा, नाहीतर मुक्काम.

तुम्ही एका दिवसात मालवण गाठायचं ठरवलेलं दिसतंय. त्याऐवजी पहिली रात्र कोल्हापूर किंवा आजऱ्यात काढा. पुण्याहून कोल्हापूरच २३० किलोमीटर होतं. तुमची गाडी कुठली आणि कोणत्या साली घेतली ते कमेंटमध्ये लिहा, म्हणजे फ्यूज बॉक्स कुठे असेल आणि कोणता बल्ब घ्यायचा ते सांगतो.