मराठी माध्यम की इंग्रजी, यावर अर्थशास्त्रात खरंच काही संशोधन झालंय का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, शाळेवरून घरात रोज वाजतंय, आणि भावनिक उत्तरं नकोत, कोणी आकडे मोजले असतील तर तेवढे सांगा. आकडे आहेत. भावनिक न होणं मात्र मला जमणार नाही, कारण ते आकडे आमच्या दादरचेच आहेत.

कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, २००६ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलेला. मला तो भाचीने दाखवला, ती इकॉनॉमिक्स करतेय, म्हणाली मामा हे वाच, हा तुझ्यावरच लिहिलाय. दादरमधल्या २९ पैकी २८ शाळा घेतल्या, १९८२ ते २००१ मध्ये पहिलीत गेलेली मराठी पोरं घेतली आणि ४,९०० घरांकडून माहिती काढली, पोराला कुठल्या माध्यमात घातलं, आईबाप काय करतात, कमाई किती. निघालं असं की नव्वदनंतर इंग्रजी शिकलेल्यांची कमाई चांगलीच वाढली, तरी कामगार जातींतले मुलगे मराठी शाळांतच जात राहिले, आणि त्याच घरांतल्या मुली मात्र भराभर इंग्रजीकडे गेल्या. कारण मुलग्याला जातीच्या, गावच्या ओळखीतून कुठेतरी चिकटवायची सोय होती. मुलींसाठी तशी सोय कधी नव्हतीच, त्यामुळे त्यांना धरून ठेवायलाही कोणी नव्हतं.

आता आमच्या घरचं ऐका. मी १९८४ला पहिलीत, मराठी शाळा. बहीण तीन वर्षांनी मागे, तिला इंग्रजी शाळा. वडील गिरणीत होते, १९८२च्या संपात ती गेली ती गेलीच, घरात ठरवायचे ते मोठे काका, एका छापखान्यात फोरमन. गावाकडून आलेला प्रत्येक पोरगा त्यांनी बाइंडिंगला नाहीतर मशीनवर लावलेला. त्यांचं म्हणणं, पोरगा आपल्या माणसांत राहिला पाहिजे, इंग्रजी शाळेत गेला की तो आपला राहत नाही. आणि बहिणीचं? ती काय, लग्न करून जाणार, मामा फी भरतोय तर घाला. एवढ्या एका वाक्यात तिचा निकाल लागला, आणि खरं सांगायचं तर चांगला लागला.

२००० साली मी बी.कॉम. होऊन काकांच्याच छापखान्यात चलनं लिहीत होतो, तेव्हा अंधेरीला एका कंपनीत बॅकऑफिसची भरती निघाली. बहिणीने फुलस्केपवर माझी माहिती इंग्रजीत लिहून दिली, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार. आठ दिवस मी चाळीच्या गच्चीवर जाऊन ते पाठ करत होतो, माय नेम इज पासून माय हॉबी इज रीडिंग पर्यंत. इंटरव्ह्यूला समोरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला तो कागदावर नव्हता, यायला त्रास झाला का असं काहीतरी विचारत होत्या हे मला स्टेशनवर परत येताना कळलं, तिथे मी खुर्चीत ताठ बसून पूर्ण पाठांतर म्हणून दाखवलं, हॉबीपर्यंत. बाई हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. पुढच्या वर्षी बहीण तसल्याच एका ऑफिसात लागली आणि तिचा पहिला पगार माझ्या चार वर्षांच्या नोकरीनंतरच्या पगारापेक्षा जास्त होता. मी आनंदाने पेढे वाटले आणि रात्री झोपलो नाही, दोन्ही खरं आहे.

तर हा पेपर वाचल्यावर मी काय करावं? गणपतीत, आरती झाल्यावर, सगळे मोदकांवर बसलेले असताना काकांना मोबाइलवर तक्ता दाखवला. म्हणाले, अमेरिकेत छापलेल्या कागदाला दादर काय कळणार. मी म्हटलं काका, आपल्याच लोकांना विचारून लिहिलंय. त्यावर त्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं, तुला पहिली नोकरी कोणी लावली?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेपरवालेही तेच म्हणतात म्हणा, ही ओळखीची साखळी एके काळी कामाचीच होती, एकेक जण बाहेर पडला तर ती तुटते म्हणून तर मुलग्यांना धरून ठेवायचे. फक्त धंदा बदलला तरी साखळी सोडली नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, माझं नुकसान मराठीने केलं नाही, "आपली माणसं लावून घेतील" या भरवशाने केलं. मराठी माध्यमातून शिकून पुढे गेलेले ढिगाने आहेत, त्यांच्या घरात कोणीतरी इंग्रजीकडे वेगळं लक्ष दिलं होतं, एवढाच फरक.

हां, तुमचा प्रश्न राहिलाच. आझम, चिन आणि प्रकाश या अर्थतज्ज्ञांचा २०१३चा पेपर आहे, भारताच्या २००५च्या आकड्यांवर, त्यात फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची तासाची कमाई न बोलणाऱ्यांपेक्षा ३४ टक्के जास्त, थोडंफार बोलणाऱ्यांची १३ टक्के. पण हे इंग्रजी येण्याबद्दल आहे, इंग्रजी माध्यमाबद्दल नाही, ही गल्लत करू नका. पाटीवर इंग्रजी आणि वर्गात बाई सगळं हिंदीतून समजावतायत अशा शाळा तुमच्याही आजूबाजूला असतील, तिथे पोराला ना धड हे येतं ना ते. शाळेत गेलात तर माहितीपत्रक घेऊन येऊ नका, तिसरी-चौथीच्या वर्गाबाहेर दहा मिनिटं उभं राहून पोरं काय बोलतात ते ऐका. आणि दादरचे आकडे २००१ला संपतात, त्यानंतर गिरण्यांच्या जागी टॉवर आलेत, तेव्हा तेही जसेच्या तसे लावू नका.

उद्या मुलगी झाली तर तिलाही त्याच शाळेत घाला, फी कोण भरतोय ते न बघता.

हे उत्तर काकांपर्यंत जाणार, चुलतभाऊ इथे वाचत असतो. काकांची नजर आता गेलीय, त्यामुळे नातवाला वाचून दाखवावं लागेल. नातू इंग्रजी माध्यमात आहे, जोडाक्षरांना अडखळतो, जरा वेळ लागेल.