परिपत्रक उघडतं, पण फोन गप्प बसतो

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ जन्मापासून अंध आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाईलवर टॉकबॅक (पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय) लावून तो बाकी सगळी कामं आपली आपण करतो. विद्यापीठाच्या वेबसाइटवर मात्र अडतं. काही परिपत्रकं उघडली की फोन गप्प बसतो, काहींत भलतीच इंग्रजी अक्षरं वाचतो. परीक्षेच्या फॉर्ममध्ये शेवटी चित्रातली अक्षरं टाइप करायला सांगतात. कॉलेजात विचारलं तर म्हणाले, "घरचं कुणीतरी भरून देईल ना!" मी आता नोकरीसाठी मुंबईला निघाले आहे. त्यानं काय करावं?
— एक बहीण, गुहागर

उत्तर : "घरचं कुणीतरी" हे उत्तर मुळीच मान्य करू नका. मी स्वतः अंध आहे, रत्नागिरीत ग्रंथालयात काम करते. आपला पासवर्ड आणि आपले गुण कायम दुसऱ्याच्या हाती असणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. मुंबईतला मुलगा निदान खिडकीवर जाऊन विचारू शकतो; गुहागरच्या मुलाला विद्यापीठ म्हणजे ती वेबसाइटच.

फोन गप्प बसतो, कारण ते परिपत्रक म्हणजे कागदाचा फोटो आहे. टाइप करून छापलं, सही-शिक्का मारला, स्कॅन करून चढवलं. त्यात वाचण्याजोगं अक्षर उरलंच नाही. भलती अक्षरं येतात ती जुन्या फॉन्टमुळे. आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांत वर्षानुवर्षं अशा फॉन्टमध्ये टायपिंग झालं, की डोळ्यांना 'परीक्षा' दिसते आणि संगणकाच्या लेखी आत रोमन अक्षरंच असतात. दोन्हींवर उपाय एकच : मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकालाही मराठी अक्षर मराठीच कळेल अशा पद्धतीत, टाइप करा आणि त्याच फाइलची थेट पीडीएफ करा. सहीची प्रत हवी तर शेजारी ठेवा. याला नवं सॉफ्टवेअर लागत नाही, निधी लागत नाही. म्हणून "बजेट नाही" असं कुणी म्हटलं, तर मला ते पटत नाही.

फॉर्मचं काम वेबसाइट बनवणाऱ्याचं. चित्रातल्या अक्षरांना आवाजाचा किंवा ओटीपीचा पर्याय हवा. प्रत्येक रकान्याला नाव जोडलेलं हवं, नाहीतर फोन नुसतं "एडिट बॉक्स, एडिट बॉक्स" म्हणत राहतो. आणि वेळ! ऐकत ऐकत भरायला जास्त वेळ लागतो, त्यात पावसाळ्यात आपल्याकडे वीज आणि रेंज दोन्ही जातात. मुदत संपण्याआधी सूचना आणि वाढवून घ्यायची सोय हवीच. तपासणी सोपी आहे : माऊस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर फॉर्म भरून बघावा, मग एनव्हीडीए हा संगणकावरचा, फुकट मिळणारा स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम) लावून.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 च्या कलम 42 नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम असावा, ही सरकारची जबाबदारी आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं केवायसीच्या (ग्राहकाच्या ओळख-पडताळणीच्या) प्रकरणात डिजिटल सुविधा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. अर्जात हे दोन्ही लिहा.

अर्ज प्राचार्यांना, परीक्षा विभागाला आणि विद्यापीठात दिव्यांग कक्ष असेल तर त्यालाही. "वेबसाइट नीट करा" एवढंच लिहिलंत तर तो फाइलीत पडून राहील. कुठलं परिपत्रक, कुठली तारीख, फॉर्मचा कुठला रकाना, हे नेमकं लिहा. दुरुस्ती होईपर्यंत मजकूर ईमेलनं पाठवावा आणि फॉर्मला मुदत वाढवून द्यावी, हेही मागा. दाद लागली नाही तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

अर्ज भावाच्याच नावानं जाऊ दे, बोलून टाइप करायची सोय फोनमध्ये आहे. परिपत्रक उघडल्यावर फोन काय बोलतो, त्याचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंगही ईमेलला जोडायला सांगा.