माणूस धरलास, जागा सुटली

प्रिय मित्रा,

तुझ्या पोलीस पथकाचे छापे झाले, माणसं आत गेली, तरी त्याच कोपऱ्यावर अमली पदार्थांच्या पुड्या विकल्या जाताहेत, म्हणून तू गोंधळलायस. अरे, तू माणूस धरतोस आणि जागा सोडतोस. गिऱ्हाईकाला जागा पाठ असते. विकणारा आत गेला की तिथे दुसरा उभा राहणारच. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत क्रॅकच्या, म्हणजे ओढायच्या कोकेनच्या, अड्ड्यांवरच्या छाप्यांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. परिणाम थोडाच झाला आणि तोही लवकर ओसरला.

म्हणून जागा धर. अख्खा विभाग नको, एकच कोपरा किंवा एकच जिना. तिथले गेल्या तीन महिन्यांचे फोन, तक्रारी आणि अटका नकाशावर मांड, तासांसकट. मग त्याच तासांना साध्या कपड्यांत टेहळणी कर. पहिले काही दिवस कुणाला हात लावायचा नाही. माल सहसा विकणाऱ्याच्या खिशात नसतो. मीटरच्या पेटीत बघ, सैल विटेमागे बघ. पहारा देणारं पोर कुठे बसतं? गिऱ्हाईक पायी येतं की गाडीवरून? पळायची वाट कोणती? बंद दिवा, कुंपणातलं भगदाड, मालक फिरकत नाही अशी खोली, यांतलं काहीतरी सापडतंच. दिवा लाव, भगदाड बुजव, मालकाला गाठ. अमेरिकेतल्याच ओकलंडच्या ‘बीट हेल्थ’ या उपक्रमात पोलीस आणि शहराचे तपासनीस मिळून घरमालकावरच दबाव आणत.

‘हे पोलिसांचं काम नाही,’ असं तुला ऐकवतील. मलाही ऐकवायचे. मी तेव्हा मानलं नाही, आजही मानत नाही. पोलिसी कामाचे अमेरिकन अभ्यासक हर्मन गोल्डस्टीन यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की एकेका घटनेमागे धावू नका, तिच्यामागची समस्या शोधा. आणि तुम्ही अजून जप्तीचे आकडे फळ्यावर लिहिता!

‘अड्डा पुढच्या गल्लीत सरकेल’ ही सबब मला सांगू नकोस. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत अमली पदार्थांच्या विक्रीच्या ५६ ठिकाणांवर असाच प्रयोग झाला, त्यात अड्डे सरकल्याचं फारसं दिसलं नाही. तरी आजूबाजूच्या दोन गल्ल्यांचे आकडे आधीपासून नोंदव, नाहीतर नंतर तुलना कशाशी करशील? छापा घालायचाच तर दिवा आणि कुंपण झाल्यावर घाल. त्यानंतर गस्त एकदम उठवू नकोस, इथेच बहुतेक पथकं घाई करतात. आठवड्यागणिक कमी कर, आणि तक्रारी पुन्हा चढल्या तर त्याच तासांना परत उभा राहा.

जागा ठरली की नकाशा पाठव. अटकेचा आकडा नको.